संस्थापक गेले, दप्तर राहिलं

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हा मंडळापाशी स्वतःची इमारत नव्हती की ग्रंथालय नव्हतं. होते ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. एकापाशी जुने कागद हुडकण्याचं वेड, दुसऱ्यापाशी अप्पा बळवंत चौकातला वाडा. मंडळाचा पहिला संसार त्या वाड्यातच थाटला गेला. नावात अख्खा भारत आणि मुक्काम दुसऱ्याच्या घरी, असा हा आरंभ.

सुरतेच्या मराठी स्मरणिकेत पुण्याच्या संस्थेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. आपल्याकडे इतिहास समिती काढण्याचं घाटत आहे आणि अशा समितीची चर्चा नेहमीप्रमाणे अध्यक्षपदापासून सुरू होते. कोण मोठा, कोणाला मान द्यायचा, फलकावर कोणाचं नाव आधी. मंडळाच्या कहाणीत मला जे दिसलं ते याच्या उलट आहे. तिथे प्रतिभावान संस्थापक काही वर्षांतच दूर झाला, तरी संस्था चालू राहिली. ती कोणी चालवली, कशी चालवली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी राजवाड्यांविषयी. त्यांच्यापूर्वी कागद छापणारे नव्हते असं नाही. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचं 'काव्येतिहास-संग्रह' हे मासिक १८७८ सालीच निघालं होतं आणि त्यातून बखरी, पत्रं लोकांसमोर येऊ लागली होती. राजवाड्यांनी या कामाला पाय दिले. पाठीवर बोजा, हातचा स्वयंपाक आणि गावोगावची पायपीट, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरामागच्या फडताळात, कोणाच्या धान्याच्या कणगीशेजारी गाठोडी पडलेली असत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं त्यात होती, आणि त्यांना जोडलेली प्रस्तावना एवढी लांब आणि एवढी परखड की पत्रांइतकीच तीही गाजली. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली.

कागद मिळवणं म्हणजे काय, हे आज सहज ध्यानात येत नाही. लोक कागद देत नसत. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं आणि दख्खनमधल्या इनामदारांना आपला हक्क कागद दाखवून सिद्ध करायला लावलं. ज्यांचे कागद अपुरे निघाले त्यांची इनामं गेली. तेव्हापासून घराघरात एक धसका बसला: कागद दाखवला की काहीतरी जातं. राजवाडे दारात उभे राहिले तेव्हा त्या घटनेला पन्नास वर्षंही झाली नव्हती. घरातल्या आजोबांना ती आठवत होती. दारातला हा करड्या आवाजाचा ब्राह्मण सरकारचा माणूस नाही कशावरून? आणि भाऊबंदकीचं काय? एका भावाने रुमाल उघडायला दिला की दुसऱ्याला वाटे, वाटणीचा जुना कागद बाहेर पडणार. तेव्हा ओळख काढायची, दोन दिवस ओटीवर बसायचं, चार कागद वाचून त्यांच्याच खापरपणजोबाचा पराक्रम त्यांना ऐकवायचा आणि मग नक्कल करण्यापुरते कागद मागायचे. हे काम विद्वत्तेपेक्षा चिकाटीचं. एकट्यादुकट्याने ते उरकणं शक्य नव्हतं, म्हणूनच मंडळ हवं होतं.

आणि नेमकं मंडळ चालवणं हाच राजवाड्यांचा स्वभाव नव्हता. सभा, ठराव, बहुमत, समजुतीने घेणं यांत त्यांचा जीव रमत नसे. आपलं मत पटलं नाही तर ते उठून जात, आणि तसे ते मंडळातूनही गेले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्याला होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. याबद्दल राजवाड्यांना दोष देण्याची चाल आहे. मला ती अन्यायाची वाटते. ज्याने दगड फोडून वाट काढली त्यानेच टोलनाक्यावर बसून पावत्या फाडाव्यात, असा हट्ट कशाला? पण दुसरी बाजूही तितकीच खरी: मंडळ राजवाड्यांच्या मर्जीवर उभं राहिलं असतं तर ते त्यांच्याबरोबरच उठून गेलं असतं. तसं झालं नाही, कारण तोवर तिथे सभा भरवण्याची, वाचलेलं टिपण छापण्याची आणि आलेला कागद नोंदवण्याची सवय पडलेली होती.

या सवयीचं पहिलं मोठं फळ म्हणजे जेधे शकावली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही जंत्रीवजा नोंदवही. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या घडामोडी तीत थोडक्या शब्दांत टिपलेल्या आहेत. दाजीसाहेब जेधे यांच्याकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि टिळकांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात, शके १८३८ मध्ये, म्हणजे १९१६ साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवजन्माचं साल १६२७ मानलं जाई. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मग वादाला जे तोंड फुटलं ते पुढे कितीतरी वर्षं मिटलं नाही.

मला त्या वादापेक्षा तो कसा चालला याचं अप्रूप वाटतं. दत्तात्रेय विष्णू आपटे आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२५ साली 'शिवचरित्रप्रदीप' काढला, त्यात शकावल्या आणि इतर साधनं एकत्र ठेवली. दिवेकर तंजावरला जाऊन सरस्वती महालातून कवींद्र परमानंदाचं संस्कृत 'शिवभारत' घेऊन आले. ते १९२७ साली छापलं गेलं आणि त्यातली जन्मतिथी शकावलीशी जुळली. जोधपूरकडच्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातली कुंडलीही त्याच बाजूने निघाली. एकाने भाषण ठोकायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, असं हे काम नव्हतं. एकाचा कागद दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने त्यातली मिती मोजायची, चौथ्याने शंका काढायची. पाक्षिक सभेत टिपण वाचताना विद्वानांची घासाघीस व्हायची आणि मग ते टिपण त्रैमासिकात जायचं. हे त्रैमासिक १९२० पासूनचं. ते चाळताना दिसतं की अर्ध्याअधिक मजकुराला लेखाचं बारसंसुद्धा झालेलं नाही: एक कौल, दोन महजर, एका शिलालेखाचं वाचन, मागच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती. अशा किरकोळ मजकुरावर पुढच्या पिढ्यांचे ग्रंथ उभे राहिले.

याच मंडळींच्या ऊठबशीतून आणखी एक काम झालं, आणि ते थेट आपल्या गावचं आहे. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांच्या पुढाकाराने पुण्यात शिवचरित्र कार्यालय निघालं. त्याने १९३० साली 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' काढला आणि १९३१ साली 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी'. या दुसऱ्या ग्रंथातली कितीतरी पत्रं सुरतेच्या इंग्रज वखारीची आहेत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज शहरावर आले, त्या वेळी वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. वखारीतला पाद्री एस्कॅलिअट याने विलायतेला धाडलेल्या पत्रात महाराजांच्या अंगकाठीचं आणि चेहऱ्याचं वर्णन आलं आहे, आणि ते पुढे अनेक चरित्रकारांनी वापरलं. ऑक्टोबर १६७० मधल्या दुसऱ्या स्वारीची हकीकतही वखारीच्या कागदांत आहे. सुरतेत बसून आपण या दोन स्वाऱ्यांवर तावातावाने बोलतो. पण त्यांची इंग्रजी साधनं एकत्र छापून आपल्या हाती दिली ती पुण्यातल्या चार बिनसरकारी माणसांनी.

आता चिटणिसांकडे वळतो. दत्तो वामन पोतदार १८९० साली महाडजवळच्या बिरवाडीत जन्मले, पुण्यात शिकले, न्यू पूना कॉलेजात म्हणजे पुढच्या स. प. महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९१८ पासून मंडळाच्या चिटणिसीत पडले. ती त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली आणि नंतर दीर्घकाळ अध्यक्षपद. लग्न केलं नाही. घरसंसाराच्या जागी संस्था. पोतदारांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही: ते बोलले फार, त्यांनी लिहिलं कमी. राज्य सरकारने त्यांच्यावर सोपवलेलं शिवचरित्र अखेर लिहून झालंच नाही, आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. पण ग्रंथकाराच्या मापाने चिटणीस मोजला की असंच व्हायचं. पोतदारांचं काम माणसं जमवण्याचं. दात्याला दोन गोड शब्द बोलून वळवायचं, दोन भांडणाऱ्या संशोधकांना एकाच सभेत आणून बसवायचं, कार्यक्रमाला संस्थानिक येवोत की शाळामास्तर, दोघांनाही आपण महत्त्वाचे आहोत असं वाटायला लावायचं.

त्याचं मोठं उदाहरण १९३५ चं. मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. असा मुहूर्त साधून आपण काय करतो? हार, सत्कार, भोजन आणि एक जाडजूड स्मरणिका. (या स्मरणिकेच्या संपादकांची क्षमा मागून.) मंडळाने देशभरच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना पुण्यात बोलावून परिषद भरवली. शफाअत अहमद खान अध्यक्ष, पोतदार संयोजक. त्या वेळी तिचं नाव अखिल भारतीय अर्वाचीन इतिहास परिषद असं होतं. पुढे १९३८ साली अलाहाबादच्या अधिवेशनात ती भारतीय इतिहास परिषद झाली आणि आज देशातल्या इतिहासकारांचं ते सर्वांत मोठं व्यासपीठ आहे. विद्यापीठांना जे सुचलं नव्हतं ते पेठेतल्या एका मंडळाने केलं.

पोतदारांना पुढे महामहोपाध्याय ही पदवी मिळाली, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मोठ्या झालेल्या माणसाला लहान संस्थेत यायला सहसा वेळ नसतो. पोतदार मात्र मंडळातच दिसत.

पण सभा चालवणारा चिटणीस आणि कागद सांभाळणारा माणूस एकच असेल असं नाही, आणि मंडळाचं नशीब असं की त्याला दोघंही मिळाले. गणेश हरी खरे यांचा जन्म १९०१ सालचा, पनवेलचा. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शिक्षण सोडलं, टिळक महाविद्यालयात शिकले, आणि १९३० च्या आसपास मंडळात आले ते १९८५ साली जगाचा निरोप घेईपर्यंत मंडळाचेच राहिले. मोडी तर येतच होती. फारसी शिकले, ताम्रपट आणि शिलालेखांच्या लिप्या शिकले, मूर्ती आणि नाणी पाहायला शिकले.

खऱ्यांसारखा माणूस रोज नेमकं काय करतो? एक रुमाल घ्या. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागद बांधलेलं चौकोनी फडकं. गाठ सोडली की आधी धूळ, मग कसरीचा भुगा, मग वळकटीसारखे गुंडाळलेले लांब बंद. एक बंद संपला की खाली दुसरा खळीने चिकटवलेला, आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. अक्षर मोडी, न थांबता ओढलेलं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. तारखेच्या जागी इसवी सन नाही, शक असेलच असं नाही. 'छ' लिहून पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, आणि साल सुहूर सनाचं, तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. दोन्हींतलं कोणतं मिळवायचं ते महिन्यावर अवलंबून, कारण हा सन मृगाला बदलतो. हे सगळं झाल्यावर एका कागदाची एक ओळ फेरिस्तीत चढते: कोणाचं, कोणाला, कशाबद्दल, कधी. दिवसभरात असे किती होणार? आणि मंडळातल्या कागदांचा आकडा पंधरा लाखांच्या घरात सांगतात. शिवाय हस्तलिखित पोथ्या, नाणी, चित्रं वेगळीच.

खऱ्यांनी नव्या माणसांसाठी 'संशोधकाचा मित्र' नावाचं पुस्तकच लिहून ठेवलं. आपल्याला जे कळायला वर्षं लागली ते पुढच्याला काही दिवसांत कळावं, एवढा सरळ हेतू. विद्या मुठीत ठेवून आपलं महत्त्व वाढवणारे गुरू आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. खरे त्यांतले नव्हते. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी कागद वाचायला सुरुवात केली ती याच मंडळात, याच खऱ्यांच्या हाताखाली. पुढे गजानन भास्कर मेहेंदळे यांनी फारसी शिकून, मूळ साधनांवर मांड ठोकून 'श्री राजा शिवछत्रपती' हा ग्रंथ लिहिला तोही मंडळाच्या खोल्यांत उभं आयुष्य घालवून. शंकर नारायण जोशी यांच्यासारखे लोक गावोगावची दप्तरं मिळवून आणत राहिले. यांच्यात एकमत होतं असं मुळीच नाही. मतभेद तर इतके की कधी कधी त्रैमासिकाच्या एकाच अंकात एकमेकांचं खंडन सापडतं. पण भांडण अंकात छापलं जाई आणि रुमाल कपाटात राही, एवढी मर्यादा पाळली गेली.

मंडळाची इमारत आज सदाशिव पेठेत आहे, भरत नाट्य मंदिराला लागून. शेजारी संध्याकाळी नाटकाच्या तिकिटांची गर्दी आणि अलीकडे मोडीच्या वर्गाला आलेले आठ-दहा जण. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी पदवीची मुलगी, कोणी आपल्याच घरातला पेटारा वाचायचा म्हणून आलेला शेतकरी. सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेची पैशाची ओढाताण कधी संपत नाही, तशी तिचीही संपलेली नाही.

खानदेशातून आलेल्या आपल्यासारख्यांना धुळ्याचा धागा अधिक जवळचा. राजवाडे गेल्यावर त्यांच्या स्नेह्यांनी धुळ्यात त्यांच्याच नावाचं संशोधन मंडळ काढलं, त्यांचे कागद जपले आणि १९३२ पासून 'संशोधक' हे त्रैमासिक चालवलं. पुण्यात ज्याचं पटलं नाही त्याच्या नावाने तापीच्या खोऱ्यात दुसरी संस्था उभी राहिली. त्यात माझ्या मते खंत करण्यासारखं काही नाही. एका संस्थेत न मावणारी माणसं दोन संस्थांचं काम करून जातात. उधन्यातून तापी खोऱ्याच्या गाडीत बसलं की धुळ्याची वाट पुण्यापेक्षा किती जवळची आहे, हे उधना-लिंबायतच्या घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या समितीला सामग्रीची ददात पडणार नाही. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह इथलाच. राघोबादादाने इंग्रजांशी केलेला तो करार पुढच्या वर्षीच्या पुरंदरच्या तहाने मोडीत निघाला, पण पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची नांदी झाली ती त्यानेच. गायकवाडांचं मूळ ठाणं सोनगड आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे आणि त्या काळच्या सुरत अठ्ठाविशीच्या वसुलीचे मोडी कागद कुठल्या देसायाच्या, कुठल्या देशपांड्याच्या घरात अजून असतील तर ते आता धोक्यात आहेत. पूर्वी लोक कागद भीतीने लपवत. १९५० नंतर इनामं-वतनं खालसा झाली, कागदाला कोर्टात किंमत उरली नाही आणि लोक तो निर्धास्तपणे रद्दीत घालू लागले. नुकसान दुसऱ्या तऱ्हेने जास्त झालं. शिवाय आपल्या स्वतःच्या कागदांचं काय? गिरणीत लागलेल्या पहिल्या पिढीची पगारपत्रकं, गावाकडून आलेली अहिराणी वळणाची पत्रं, भिशीच्या वह्या, गणेशोत्सवाच्या पावत्या. हे कागद कुठल्याही दप्तरखान्यात जमा होणार नाहीत. कोणी मागितले तरच हाती येतील.

तेव्हा अध्यक्षपद थोडं थांबू शकतं. आधी रोज दोन तास देणारा एक चिटणीस शोधावा आणि त्याला एक जाड बांधणीची वही घेऊन द्यावी. रकाने एवढे पुरेत: अनुक्रमांक, मालकाचं नाव आणि गाव, कागदांची संख्या, लिपी, मिती, अस्सल ठेवायचा की छायाप्रत काढून परत द्यायचा, घेतल्याची तारीख आणि सही, परत दिल्याची तारीख आणि सही. शेवटचा रकाना रुंद आखावा. एका घरचे कागद ठरल्या दिवशी परत गेले, की त्या गल्लीतली पुढची चार घरं आपणहून पेटी उघडतात.